झाकणाखालची शिल्लक

ही वही दोनशे पानी आहे. पुढच्या बाजूनं मंडळाचा हिशेब आहे, तो दरवर्षी सगळ्या बायांना वाचून दाखवलेला. मागच्या बाजूनं, वही उलटी धरून, दुसरा हिशेब आहे. मधे बरीच पानं कोरी राहिली. मंडळाची नवीन वही आता दुसऱ्या घरी असते, ही माझ्याकडेच राहिली. कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कोणी वाचावं म्हणून नाही. मला तोंडानं सांगता येत नाही, लहानपणापासून नाही.

मंडळ म्हणजे भांड्यांचं मंडळ. आमचं गाव दिग्रसपासून आत आहे, बस फाट्यावर सोडते आणि पुढं पायी यावं लागतं. गावात लग्न निघालं की मोठी भांडी दिग्रसहून भाड्यानं आणावी लागत. टेम्पोचे पैसे वेगळे, अनामत वेगळी, आणि एखादी बादली चेपली की दुकानदार अनामतीतून कापून घेई. चौदा वर्षांखाली आमच्या शेजारच्या मोठ्या काकूनं बावीस बाया जमवल्या. ती कोणाची सख्खी काकू नाही, पण सगळं गाव तिला मोठी काकूच म्हणतं. प्रत्येकीनं पाचशे रुपये आणि घरातलं एक भांडं द्यायचं, भांड्यावर आपलं नाव टाकलेलं असावं. कोणी मंडळ सोडलं तर पाचशे परत मिळणार नाहीत, भांडं मात्र ज्याचं त्यानं घेऊन जावं. त्या पैशातून दोन मोठे गंज, तीन कढया, पराती, बादल्या, वाढायची पंचवीस ओगराळी आणि दीडशे ताटं आली. लग्नाला, बारशाला भाडं घ्यायचं. तेरवीला घ्यायचं नाही. नफा कोणी वाटून घ्यायचा नाही, तो मंडळाचाच.

काकूला लिहिता येत नाही. ती अंगठा लावते. मी चौथी शिकलेली, पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती आणि पावसाळ्यात नाल्याला पूर यायचा, म्हणून बाबांनी घरीच ठेवलं. पण अक्षर चांगलं होतं आणि बेरीज कधी चुकत नव्हती. काकू एक दिवस आमच्या दारात आली आणि म्हणाली, "तू बोलत नाईस, हेच मले पायजे. वही तुह्याकडे." बँकेतलं खातंही दोघींच्या नावानं काढलं. तिचा अंगठा आणि माझी सही, दोन्ही असले तरच पैसे निघत. तेव्हापासून बाया मला चिडवायला मास्तरीण म्हणतात.

वर्षाचा हिशेब आखाडीच्या, म्हणजे आषाढी पौर्णिमेच्या दिवशी होतो. लग्नं संपलेली असतात, पेरणी झालेली असते. समाजमंदिरात सगळी भांडी मांडून मोजायची, वहीशी ताडून बघायची, मग जमा, खर्च आणि शिल्लक वाचायची. वाचायचं मला. पहिल्या वर्षी माझा आवाजच निघाला नाही. काकू माझ्या बाजूला मांडी घालून बसली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला, आणि मग मी वाचलं. पुढं दरवर्षी तसंच. गुडघ्यावर हात पडला की माझा आवाज फुटायचा.

तिसऱ्या वर्षी गावातल्या गणपती मंडळाच्या पोरांनी काकूला गळ घातली. स्टेजचे पैसे द्यायचे आहेत, वर्गणी जमली की लगेच परत करू. काकूनं दिले. होती नव्हती ती शिल्लक गेली, आणि वर्गणी कधी जमली नाही. त्याच हिवाळ्यात एका गंजाचं बूड गेलं आणि नवा घ्यायला पैसे नव्हते. बायांनी पुन्हा दोन-दोनशे काढले. काकूला ते फार लागलं.

त्यानंतर तिनं मला घरी बोलावलं. चुलीवर भात होता. तिनं झाकण उचललं, वाफ निघून गेली, आणि पुन्हा ठेवलं.

"उघडा गंज पाह्यला का सारेच ताट घेऊन येतात," ती म्हणाली. "आता निम्मी शिल्लक सांगायची. निम्मी झाकून ठेवायची. तुले आन मले ठाऊक, बस्स."

"पण वहीत कसं लिहू काकू?"

"किरकोळ डागडुजी लिही. कोण पाह्यते!"

मी लिहिलं. पुढच्या पानावर किरकोळ डागडुजी, आणि वही उलटी करून मागच्या पानावर तीच रक्कम, जमा. एका आखाडीला एक म्हातारी हसून म्हणाली, "अवो मास्तरीण, हे तुहं किरकोळ तं लेकरावाणी वाढून राह्यलं!" सगळ्या हसल्या. मीही हसले. काकूचा हात गुडघ्यावर होता.

काकूनं त्यातला एक रुपया कधी स्वतःला घेतला नाही. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं वाचून कोणाला दुसरं वाटेल.

मंडळातल्या बावीस बायांपैकी एक तांड्यावरची. तांडा आमच्या गावापासून नाला ओलांडून आहे. बंजारा लोकांची पन्नास-साठ घरं, सगळे शेती करतात, कपाशी आणि तूर. मंडळ सुरू झालं तेव्हा तिनं पितळेचा एक हंडा आणून दिला. मोठा, जुना, तिच्या आजीसासूचा. भरला की दोघींना मिळून उचलावा लागे. काही बायांनी नाक मुरडलं, तांड्यावरच्या हंड्यातलं पाणी पंगतीला कसं चालेल म्हणून. काकू म्हणाली, "तिचे पाचशे चालतात तं तिचा हंडा काहून नाई?" विषय संपला. नंतर चौदा वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात लोक त्याच हंड्यातलं पाणी प्याले, कारण त्यातलं पाणी उन्हाळ्यात थंड राहायचं.

ती माझ्याच वयाची. हिशेबाच्या दिवशी मुद्दाम माझ्यासमोर बसायची. मी वाचताना अडखळले की मान हलवायची, चालू दे म्हणून. तिला एकच मुलगी. ती पोरगी दिग्रसच्या शाळेतून येताना आमच्या घरावरून जायची आणि कधीमधी थांबून मला गणित दाखवायची. मी न शिकलेलं गणित. बोट ठेवून समजावून सांगायची. मला सगळं कळत नसे, पण तिनं थांबावं म्हणून मी हो हो करत असे.

दोन वर्षांपूर्वीची आखाडी. त्या दिवशी मी शिल्लक वाचली, अकरा हजार चारशे. वही उलटी केली तर मागच्या पानावर एकेचाळीस हजार होते. बँकेच्या पुस्तकात दोन्हींची बेरीज होती, आणि ते पुस्तक काकूच्या पेटीत.

वाचून झाल्यावर तांड्यावरची उभी राहिली. आजवर ती कधी उभी राहिली नव्हती.

"बायाईनो, माह्या पोट्टीचा नंबर लागला," ती म्हणाली. "यवतमाळले, नर्सिंगले. सुक्करवारपर्यंत तीस हजार भरा लागते. आठ जमले. बावीस कमी हायेत. कापूस निघाला का पयले मंडळाचे देतो. हंडा तं तुमच्याकडंच हाय."

एकजण म्हणाली, "पण शिल्लकच अकरा हजार. आन दहा हजाराखाली जायचं नाई, असं आपलं ठरलेलं हाय."

"म्हणजे चौदाशे देता येते," दुसरीनं हिशेब केला.

सगळ्यांनी काकूकडे पाहिलं. काकूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. या वेळी तो हात बोल म्हणून नव्हता. तो गप्प राहा म्हणून होता, आणि मला ते लगेच कळलं. वही माझ्या मांडीवर होती. फक्त उलटी करायची होती.

"चौदाशे घे माय," काकू म्हणाली. "मंडळाजवळ हाय तेवढं."

तांड्यावरची थोडं हसली. "राहू द्या काकू. तेवढ्यात बसचं भाडं व्हते." आणि ती खाली बसली. मग तिनंच उठून सगळ्यांना हंड्यातलं पाणी दिलं. मलाही दिलं.

घरी परतताना मी काकूला म्हटलं, "देऊन टाकू ना काकू. आपल्याजवळ आहेत."

काकू चालता चालता थांबली. "एकीले दिले का बाकीच्या एकवीस उभ्या राहतील. कोणाची लेक, कोणाचं पोट, कोणाचं घर. कोणाले नाई म्हणशील? तू तं हूं बी म्हणत नाईस."

"पण तिची पोरगी..."

"पुढच्या वर्षी जाईल पोट्टी. शाळा कुठी पळून जाते?"

शाळा कुठं पळून जाते हे मला माहीत होतं.

बुधवारी मी तांड्याकडे निघाले. घरी सांगितलं, गवत आणते. मनात ठरवलं होतं की तिला एकच वाक्य सांगायचं: मंडळाजवळ पैसे आहेत, काकूला जाऊन सगळ्यांसमोर माग. एवढं सांगितलं असतं तर पुढचं तिनं केलं असतं, ती भीत नव्हती. नाल्यापर्यंत मी ते वाक्य दहा वेळा म्हटलं. नाल्यापलीकडे ती आपल्या वावरात निंदत होती. मला पाहून उठली, विळा हातात, पदरानं तोंड पुसलं.

"काहून आलीस व मास्तरीण, एवढ्या दूर?"

तिच्या डोळ्यात आशा होती. मंडळानं काही ठरवलं असेल, म्हणून मला पाठवलं असेल, असं तिला वाटलं असावं. मी ते पाहिलं आणि दहा वेळा म्हटलेलं वाक्य बाहेर येईना. ती वाट बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं.

"एक ओगराळं कमी भरलं," मी म्हणाले. "तांड्यावर गेल्या लग्नात राह्यलं काय, विचाराले आली."

ओगराळं कमी नव्हतं. पंचवीसच्या पंचवीस मीच मोजली होती.

ती म्हणाली, "गावात बी लग्नं झाली न यंदा. तांड्यातच काहून शोधून राह्यली?"

"नाई, तसं नाई."

"जा तू. मी पाह्यतो."

मी परत आले. गवतही आणलं नाही.

तिनं खरंच पाहिलं. नंतर मला कळलं की ती त्या संध्याकाळी तांड्यावर घरोघरी गेली आणि प्रत्येकीला ओगराळ्याचं विचारलं. लेकीच्या फीचे पैसे शोधायच्या दिवसांत ती माझं ओगराळं शोधत होती. शुक्रवारी दुपारी ती आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. पिशवीतून नवंकोरं ओगराळं काढून माझ्या हातात दिलं, दुकानाचा कागद अजून दांड्याला चिकटलेला होता.

"दिग्रसले गेलती, सोन्याच्या दुकानात," ती म्हणाली. "पैसे तं पुरे नाई भेटले, ओगराळं भेटलं. लिहून घे वहीत. तांड्यावर मंडळाचं काही नाई आता."

मी विचारलं, "पोरगी?"

"घरी हाय."

त्या वर्षी पोरगी घरीच राहिली. मी ते ओगराळं वहीत लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर कुठून आलं ते लिहावं लागलं असतं. बाकीच्यांत मिसळून ठेवलं, आणि आखाडीला मोजताना पंचवीसच सांगितली.

पुढच्या वर्षीही ती गेली नाही. कापूस निघाला तेव्हा भाव पडलेला होता, आणि दिवाळीनंतर पुसदकडचं एक स्थळ आलं. माणसं बरी, घरी शेत. आई म्हणाली, कुठवर बसवून ठेवू. वैशाखात तांड्यावर लग्न झालं. भांडी आमचीच गेली, तिचा हंडाही गेला. मी जेवायला गेले. नवरी आत बायांच्या गराड्यात बसली होती. मला पाहून तिनं आईला हाक मारली, "याडी, मावशीले जागा दे न." आईनं मला जागा दिली, ताट वाढलं, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवताना मी वाढणाऱ्यांच्या हातातली ओगराळी पाहत होते. नवं कुठलं ते ओळखू येत नव्हतं, सगळी सारखी झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भाडं पाठवलं. पूर्ण आठशे. मंडळातल्या बाईला शंभर सूट असते, ती तिनं घेतली नाही. मी वही उघडली. पुढच्या पानावर तांड्यावरचं लग्न, जमा आठशे, असं लिहिलं. खाली किरकोळ डागडुजी चारशे. मग वही उलटी केली आणि मागं चारशे जमा लिहिले. इतक्या वर्षांची हाताला सवय होती. लिहून झाल्यावर मला दिसलं, मी काय केलं ते. त्या पोरीच्या लग्नाचे चारशे रुपये मी त्याच पैशात नेऊन ठेवले होते, ज्यातून तिची फी भरता आली असती. बराच वेळ मी वही तशीच उघडी धरून बसले. चुलीवरचं दूध उतू गेलं.

मागच्या आखाडीलाही मी पुढचीच शिल्लक वाचली. मग यंदाची आखाडी आली. आजकाल लग्नं दिग्रसच्या कार्यालयात होतात, केटरिंगवाले आपली भांडी आणतात. वर्षभरात आमची भांडी सहा वेळा निघाली, त्यातल्या दोन तेरव्या. काकू थकली आहे, तिला दोघींनी धरून आणावं लागलं. पण बसली ती माझ्याच बाजूला. तांड्यावरची या वेळी समोर नव्हती, दाराशी बसली होती.

मी जमा वाचली. खर्च वाचला. शिल्लक बारा हजार शंभर. काकूचा हात गुडघ्यावर होता, हलका झालेला, नुसती हाडं. मी थांबले. वाचणं संपलं असं समजून एकदोघी उठू लागल्या.

मग मी वही उलटी केली.

"मागं अजून एक शिल्लक आहे," मी म्हणाले. माझा आवाज फार बारीक निघाला, मागच्यांना पुन्हा सांगावं लागलं. "बेचाळीस हजार तीनशे. किरकोळ डागडुजी म्हणून लिहिलं होतं ते."

काकूनं गुडघा दाबला. पुन्हा दाबला. मग हात काढून घेतला.

आधी कोणाला कळलं नाही, आणि कळल्यावर गलका झाला. मला वाटलं होतं बाया चिडतील. त्या खूश झाल्या.

"अवो, एवढे? आन सांगतलं नाई!"

"काकू मोठी पक्की व!"

"गॅसची मोठी शेगडी घेऊ आता."

"शेगडी कायले, एक फ्रीज घ्या. पंगतीले थंडगार पाणी."

तेवढ्यात दारापासून आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांनी मागं वळून पाहिलं.

"हे पैसे मागच्या टायमाले बी होते काय? मी उभी राह्यली होती तवा?"

काकू बोलायला गेली, "हे पाय माय, मंडळाचं पाह्यलं तं..." पण तांड्यावरची काकूकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"होते," मी म्हणाले.

"आन तू वावरात आली तवा?"

"होते. तेच सांगाले आली होती."

"मग ओगराळं?"

"ओगराळं कमी नव्हतं."

तिनं मान हलवली. पूर्वी मी अडखळले की हलवायची, तशीच. मी तिला म्हटलं की आता मंडळ देईल, पोरीला अजून घालता येईल, मी काकूचा अंगठा घेते. आयुष्यात एवढी वाक्यं मी लोकांसमोर एकदम बोलले नव्हते.

"आता कायले?" ती म्हणाली. "तिले सातवा लागला."

ती उठली, हंड्याजवळ गेली. त्यात पिण्याचं पाणी भरलेलं होतं. तिनं तो एकटीनंच कलता केला आणि सगळं पाणी दारासमोरच्या मातीत सांडू दिलं. मी उचलायला पुढं झाले. "राहू दे," ती म्हणाली. रिकामा हंडा तिनं कमरेवर घेतला. जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, "लिहून घे. पितळेचा हंडा एक, ज्याचा त्यानं नेला."

मी लिहिलं. पुढच्या पानावर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं.

आम्ही धरून घरी नेल्यावर काकू दारात मला एवढंच म्हणाली, "वही आता दुसरीले दे." तिला राग होता की ती थकली होती, ते मला समजलं नाही. मी अजून रोज तिच्याकडे जाते, पाणी भरून देते. ती मला मास्तरीण म्हणत नाही.

वहीचं काम पाटलांच्या धाकट्या सुनेला दिलं. ती बारावी झालेली आहे, मोठ्यानं वाचते, अडखळत नाही. त्याच दिवशी भांडी परत खोलीत लावताना तिनं सगळी पुन्हा मोजून घेतली, नवीन वहीत उतरवायला. मोजता मोजता थांबली.

"मावशी, तुमच्या वहीत ओगराळी पंचवीस आहेत. इथं सव्वीस भरून राह्यली. एक कोणाच्या घरचं आलं काय? परत देऊन टाकू?"

मी सगळी ओगराळी हातात घेऊन पाहिली, दांडे पाहिले, कुठं कागदाचा डिंक राहिला असेल म्हणून. नव्हता.

"नाई," मी म्हणाले. "मंडळाचंच आहे. सव्वीस लिही."